औशाच्या स्टँडवरची येळवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आत्याला नाही, हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मैत्रिणीलाही नाही — तिला तर मी बाकी सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं आधी लिहिलं होतं. मग खोडलं. मला सुचणारं पहिलं कारण बहुतेक वेळा सोयीचं असतं, हे मला आता कळलंय.

तेव्हा कारण राहू द्या.

मी आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस. हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी बोलून दाखवलंय — वक्तृत्व स्पर्धेत, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत. लोक कौतुकानं बघतात. खरं सांगू? ते कौतुक मला आवडतं. आणि कुणी फार कौतुकानं बघायला लागलं की मला भीती वाटते, याला काही कळलं तर नसेल?

बारावीनंतर मी लातूरला आत्याकडे राहायला आले. आत्या एकटी असते, शिवणकाम करते. तिच्या घरासमोर गफारचाचांचं घर. चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि घराचा वरचा मजला ते भाड्यानं देत. माझ्या पहिल्याच वर्षी, पावसाळ्यात, तिथे दोघं राहायला आले — ग्रेस मॅडम आणि डॅनियल सर. नवरा-बायको. केनियाचे. औसा रोडला एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती, तिथे सर गणित शिकवणार आणि मॅडम इंग्रजी.

आमच्या गल्लीनं तोवर परदेशी माणूस टीव्हीवरच बघितला होता. त्यातही हे दोघं टीव्हीवरच्या गोऱ्या परदेशी माणसांसारखे नव्हते. काळे होते. पहिले काही दिवस बायका नळावर हळू आवाजात बोलायच्या. मग हे कळलं की त्यांना मराठी येत नाही, तेव्हा त्यांच्यासमोरच मोठ्यानं बोलायला लागल्या.

सर पहाटे पळायला जायचे. आमच्या गल्लीत माणूस पळतो तो एसटी सुटायला लागली म्हणून, नाहीतर कुत्रं मागं लागलं म्हणून. कुणी मागं नसताना हा माणूस रोज पळतो कशाला? मॅडम गिरणीतून ज्वारीचं पीठ आणायच्या आणि भाकरी न करता उकळत्या पाण्यात घालून त्याचा घट्ट गोळा करून खायच्या. संध्याकाळी दोघं गच्चीवर उभे राहून आपल्या भाषेत फोनवर मोठमोठ्यानं बोलायचे, हसायचे. एवढं कुणाशी बोलतात? काय सांगतात? परदेशी भाडेकरू ठेवला म्हणून चाचांना पोलिसांकडे त्यांची नोंद करायला जावं लागलं, फोटो द्यावे लागले. नियमच होता तो. पण गल्लीत एवढंच पोचलं की चाचा भाडेकरूंसाठी पोलिसांत गेले होते.

शेजारच्या बिराजदार काकूंनी तर हिशोबच लावला होता. एकदा आत्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, “मी काय म्हणते, पुणं सोडून, मुंबई सोडून ही माणसं लातूरला येतीलच कशाला? हितं पाणी तरी धड येतंय का? कायतरी करूनच आलेली असणार बग.”

आत्या तोंडात टाचण्या धरून हसली. मीही हसले. पण काकूंचं म्हणणं मला पटलं होतं. आपल्या गावाला चांगला माणूस आपण होऊन येईल, यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

मी वेगळी होते, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. नव्हते.

मॅडमशी माझी ओळख पाण्यामुळे झाली. नळाला पाणी कधी येईल, टाकी कधी भरून ठेवायची, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि गल्लीत मोडकं का होईना इंग्रजी मला येत होतं. मी सांगायला जायची. त्या बसवून घ्यायच्या. मग त्यांनीच ठरवलं की मी रोज संध्याकाळी यायचं, थोडं इंग्रजी बोलायचं आणि त्यांना थोडं मराठी शिकवायचं. पैसे घेत नव्हत्या. मला ते खटकायचं. फुकट कोण शिकवतं? हिला माझ्याकडून काय हवंय? मी जायची, बसायची, त्यांचा आल्याचा चहा प्यायची, आणि मनात एक डोळा उघडा ठेवायची. त्या माझ्याकडून शिकलेले शब्द दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यावर वापरून बघायच्या आणि त्यानं टोमॅटो नीट निवडू दिले की मला येऊन सांगायच्या, जसा काही पेपरच सोडवून आल्या. दारातून गेलेल्या प्रत्येकाला “जेवलात का?” म्हणायला त्यांना मीच शिकवलं होतं. सकाळी सात वाजतासुद्धा म्हणायच्या. मी दुरुस्त केलं नाही. गंमत वाटायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. — येते म्हणते आणि चहा सांगत बसते.

एकदा मॅडम म्हणाल्या, तुझ्या घराबद्दल सांग. इंग्रजीत. वाक्यं पूर्ण कर. मी सुरुवात केली, आमचं शेत आहे. तिथे विहीर आहे. विहिरीजवळ आंब्याची झाडं आहेत. वडील शेती करतात.

शेत होतं. विहीर होती, आंबेही होते. आमचे नव्हते. वडील मालकांचा ट्रॅक्टर चालवतात, शेत राखतात. आम्ही शेतातच पत्र्याच्या खोलीत राहतो, मी तिथेच वाढले. लाज वाटावी असं यात काय आहे? आज विचारते. तेव्हा मला वाटली. आणि दुसरंही सांगते — इंग्रजीत बोललेलं खोटं मला खोटं वाटलंच नाही. वाटलं, मी वाक्यं तयार करतेय. मॅडम माझं क्रियापद सुधारायच्या आणि मी पुढचं वाक्य करायची. असं करत करत मी आमच्या शेताला बैलजोडी दिली, गडीमाणसं दिली. गडीमाणसं! हे बोलताना माझी जीभ अडखळली होती. मॅडमना वाटलं, शब्द आठवत नाहीये. त्यांनीच तो पुरवला.

मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. तुम्ही लातूर-धाराशिवकडचे नसाल तर सांगायला हवं — त्या दिवशी सगळं शहर शेतात जातं. बाजार बंद, गल्ल्या ओस. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करायची, पूजा करायची, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, धपाटे असं पोट फुटेस्तोवर खायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कुणाला त्याचं काही वाटत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात. गफारचाचा दरवर्षी त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात सगळं घर घेऊन जायचे.

म्हणजे बघा, बोलवायला शेत आपलं असावंच लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मला ते त्या वर्षी आठवलं नाही — का मी आठवू दिलं नाही?

चाचांनी मॅडमना येळवशीचं सांगितलं आणि आमच्याबरोबर चला म्हणाले. मॅडम त्यांना नुसतं नको म्हणाल्या; मला मात्र येऊन सांगितलं, आम्ही शिवाकडे जाणार. शिवा म्हणजे मी. शिवकन्या त्यांना लांब पडायचं. त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी बोलण्याच्या भरात म्हणून गेले होते — तुम्ही दोघं आमच्या शेतात या. त्यांनी लगेच होकार दिला. आनंदानं दिला.

त्यांनी तयारी सुरू केली. साडी घेतली, आयुष्यातली पहिली, हिरवी. ब्लाउज आत्याकडेच शिवायला टाकला. मी बोलावल्याचं मी आत्याला सांगितलं नव्हतं. आत्यानं विचारलं असतं, कुणाच्या शेतात बोलावलीस गं? मॅडमनीही तिला काही सांगितलं नसावं, तेवढं मराठी तेव्हा कुठे येत होतं.

आत्या सासरच्या गावाला गेली आणि मी आदल्या दिवशी माझ्या. वडिलांना मात्र मी सांगून ठेवलं होतं, माझ्या मॅडम येणार आहेत. वडिलांनी मालकांना विचारलं. वडील विचारल्याशिवाय काही करत नाहीत. मालक हसले, म्हणाले, “येळवशीला माणूस विचारून आणतेत व्हय रे?” हे वडिलांनी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ते किती खूश होते. आईनं उंडे जास्तीचे केले. परदेशी माणसं तिखट खातात का, हे मला दोनदा विचारलं.

सकाळी मीच मॅडमना फोन केला. औशाच्या स्टँडवर उतरा, मी न्यायला येते. त्या म्हणाल्या, आम्ही निघालोच.

आणि मी निघालेही होते. हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं — निघाले होते. बांधावरून रस्त्यापर्यंत आले. तेवढ्यात मालकांच्या मुली पुण्याहून गाडीनं आल्या. वडील गाडीकडे पळत गेले, पिशव्या उतरवून घेतल्या. खांद्यावरचं उपरणं त्यांनी हातात घेतलं होतं, मालकांच्या माणसांसमोर ते नेहमी घेतात. आई चुलीपुढून उठून डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. थोरलीनं तिला सांगितलं, पाणी आण. नीटच सांगितलं. वाईट काही नाही. मी रस्त्यावर उभी राहून ते बघत होते — मॅडमच्या डोळ्यांनी बघत होते. ही गडीमाणसं. हा शब्द त्यांनीच मला दिला होता.

औशाकडे जाणारी जीप आली. ड्रायव्हरनं विचारलं, येणार का? मी नाही म्हणून मान हलवली. जीप गेली.

मी फोन बंद केला.

तुम्हाला वाटेल, तेव्हा मी रडले असेन. नाही. मी स्वतःला एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. या बाईला माझं घर बघायची एवढी घाई का? इतकं खोदून खोदून का विचारते? काकू म्हणतात ते खरं असेल तर? गल्लीतला सगळा संशय, जो मी पावसाळ्यापासून हसून ऐकला होता, तो मी त्या बांधावर अंगावर ओढून घेतला. थंडीत गोधडी घ्यावी तसा. ऊब आली. वडिलांनी विचारलं, “माय, तुझ्या मॅडम कवा येऊ लाल्यात?” मी म्हणाले, आजारी पडल्या. वडिलांचं तोंड उतरलं. जास्तीचे उंडे मालकांच्या मुलींना बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला परतताना फोन सुरू केला. मॅडमचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. आणि एक मेसेज — घरी सगळे बरे आहेत ना? एवढाच. चिडलेल्या नव्हत्या, माझी काळजी करत होत्या. मी उत्तर दिलं नाही. काय सांगायचं, ते गल्लीत पोचेपर्यंत ठरवू म्हटलं.

गल्लीत पोचले तर चाचांच्या अंगणात माणसं.

बिराजदार काकूंचं कुलूप तोडलेलं. गॅसची टाकी गेली होती, दोन पातेली गेली होती, ते सोडा. देवघरातले टाक गेले होते. चांदीचे छोटे पत्रे, त्यांवर कुलदैवत कोरलेलं — घरात पिढ्यांपासून चालत आलेले. काकूंच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी पूजलेले. काकू जमिनीवर बसून रडत होत्या. इतक्या बोलक्या बाईला मी तसं कधी बघितलं नव्हतं. माझे देव गेले, एवढंच म्हणत होत्या. पोलीस येऊन कुलूप बघून गेले होते. येळवशीला अशा चोऱ्या होतातच, म्हणाले.

पण गल्लीला कुठे थांबायचं होतं? काल सगळे रानात. सगळ्या घरांना कुलपं. मग मागं राहिलं कोण?

चाचांच्या जिन्यापाशी मॅडम आणि सर उभे होते. काकूंचा मुलगा चाचांना सांगत होता की वरच्या खोल्या बघू द्या. चाचा हात जोडून म्हणत होते, “मेरे किरायेदार हैं बेटा, मी जबाबदार हाय. असं कुणाच्याबी घरात शिरता येत न्हाई.” यावर कुणीतरी मागून म्हणालं की चाचांना भाडं प्यारं आहे. इतकी वर्षं त्या गल्लीत राहून, प्रत्येकाची जळालेली पाण्याची मोटार उधारीवर भरून देऊन, त्यांना ते ऐकावं लागलं.

मॅडम म्हणाल्या, आम्ही इथे नव्हतो. मराठीत म्हणाल्या. मी शिकवलेल्या मराठीत. “आम्ही औसा होतो. स्टँड. शिवा बोलवली.”

सर खिसे चाचपत होते, एसटीचं तिकीट असेल म्हणून. नव्हतं.

आणि मग सगळे माझ्याकडे वळले. मी नुकतीच आले होते, पाठीवर सॅक, हातात आईनं दिलेला डबा. काकूंनी वर बघितलं. “शिवकन्ये, तू बोलावलीस का गं यांना?”

आत्याही गावाहून परतून तिथेच उभी होती. तिनंही माझ्याकडे बघितलं.

एका शब्दाचं काम होतं. हो. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता — मग ते औशाच्या स्टँडवर का होते? तू कुठे होतीस? आणि त्याच्या पुढचा — कुणाच्या शेतात बोलावलीस? मला तो शेवटचा प्रश्न दिसत होता. समोर रडणारी बाई दिसत होती, जिन्यापाशी उभी राहिलेली दोन माणसं दिसत होती, आणि मला फक्त तो प्रश्न दिसत होता.

मी म्हणाले, “न्हाई. मी न्हाई बोलावलं.”

एवढ्यावरही थांबले नाही. कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे बोलले, “त्यांना मराठी नीट कळत नाही, काहीतरी चुकीचं समजलं असेल.” मोठ्या समजूतदारपणानं बोलले. कॉलेजात जाणाऱ्या मुलीसारखं.

मॅडमना ‘न्हाई’ कळत होतं. मीच शिकवलं होतं.

आता हे नीट ऐका, कारण मला इतकी वर्षं याचा अर्थ लागलेला नाही. मॅडमच्या हातात फोन होता. त्यात माझा काल सकाळचा कॉल होता. त्यांचे मला केलेले सगळे कॉल होते, तो मेसेज होता. नुसता पुढे केला असता तर सगळं संपलं असतं. त्यांनी अंगठ्यानं फोन सुरू केलेला मी पाहिला. पडद्याचा उजेड त्यांच्या हातावर पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याकडे बघितलं. आणि फोन बंद करून मुठीत धरला. सर त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, जोरात. मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. मग दोघं जिना चढून वर गेले.

का नाही दाखवला? माझी दया आली? की माझी किळस आली? की त्या थकल्या होत्या — रोज कुणाला ना कुणाला आपण चांगले आहोत हे दाखवून द्यायला? मला माहीत नाही. आणि पुढचे कित्येक दिवस मला पश्चात्ताप होत नव्हता, हे मला सांगायचंय. मला संशय येत होता. ही कशाची वाट बघते आहे? कधी दाखवणार आहे? मी खिडकीच्या पडद्याआडून त्यांच्या गच्चीवर लक्ष ठेवायची. त्या खाली उतरून कुणाशी बोलल्या की मी खिडकीला कान लावायची. आत्याकडे ब्लाउजचे पैसे द्यायला आल्या तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले, बोलणं ऐकू येऊ नये म्हणून — की त्यांनी मला विचारू नये म्हणून? त्या दिवशी नळाला पाणीसुद्धा नव्हतं. नुसता हवेचा आवाज.

गल्लीनं त्यांना काही केलं नाही. मारलं नाही, दगड फेकले नाहीत. फक्त भाजीवाला त्यांना टोमॅटो निवडू देईना. गिरणीवाला म्हणायचा, गर्दी आहे, नंतर या. पोरं “जेवलात का?” असं ओरडून पळायची. हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि तरीही मी बाहेर आले नाही. चाचांच्या दुकानातली गल्लीची गिऱ्हाइकं कमी झाली. चाचांनी त्यांना जा म्हटलं नाही. ते आपणच निघाले. नांदेडला दुसरी शाळा मिळाली म्हणे. टेम्पो आला तेव्हा गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही, चाचा आणि आत्या सोडून. आत्यानं त्यांच्या बादल्या उचलून दिल्या. मी पडद्याआड होते.

घरात आल्यावर आत्या बराच वेळ मशीनवर बसली. पाय चालत नव्हता. मग म्हणाली, “हिरवी साडी कशाला घेतली असंल गं तिनं? ब्लाउज येळवशीच्या आधी पायजे म्हणून दोनदा खूण करून सांगितली.”

मी म्हणाले, मला काय माहीत.

आत्या म्हणाली, “हाव. तुला काय म्हाईत.” आणि मशीन सुरू केली. त्यानंतर आत्यानं मला कधी विचारलं नाही. अजूनही माझी फी कमी पडली की ती भरते. मी परीक्षेत नंबर काढला की पेढे वाटते. तिला माहीत आहे का? मला वाटतं, आहे. पण मी तिला सांगितलेलं नाही, तेव्हा माहीत असणं आणि सांगितलेलं असणं यातलं अंतर तिनं एकटीनं सांभाळायचं.

टाक सापडले नाहीत. काकूंनी सोनाराकडून नवे करून घेतले. चोर कोण, ते कळलं नाही. म्हणून गल्लीत आजही तेच उत्तर आहे. नवीन कुणी राहायला आलं की काकू सांगतात, आमच्याकडे दोन परदेशी मास्तर होते, त्यांनी आमचे देव नेले. मी तिथे असले तर त्या माझ्याकडे हात करतात. ही शिवकन्या होती तिथं, विचारा तिला. मी खाली बघते. नव्या माणसाला वाटतं, मुलगी लाजाळू आहे.

पुढच्या वर्षी मी गावाकडे जाताना औशाच्या स्टँडवर गाडी बदलायला थांबले होते. तिथे शेंगा विकणारी एक बाई बसते. शेजारी बसायला जागा दिली. बोलता बोलता येळवशीचा विषय निघाला आणि ती हसायला लागली. म्हणाली, मागच्या येळवशीला गंमत झाली, दोन काळी परदेशी माणसं हितं दिवसभर बसून होती. बाईनं हिरवी साडी नेसलेली, वाऱ्यानं सारखी सुटू लागलेली, मीच निऱ्या खोचून दिल्या. स्टँड मोकळं. रानात निघालेले टेम्पो थांबवून लोकांनी त्यांना बोलावलं, चला जेवायला. मीबी म्हणलं, माझ्या भावाच्या शेतात चला. उपाशी बसायचं का सणाला? तर नको म्हणाली.

“का नको म्हणाल्या?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“म्हणाली, आमची माणसं येणार हायत न्यायला. दर बारीला तेच. आमची माणसं येणार हायत.” बाईनं शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. “कुणी आलं न्हाई बग. दिवस कलल्यावर उठून लातूरच्या गाडीत बसली.”

म्हणजे साक्षीदार होता. एक नव्हे, एक बाई आणि कितीतरी टेम्पोभर माणसं. मी त्या बाईला गल्लीत नेऊ शकले असते. काकूंसमोर उभी करू शकले असते. तेव्हाही उशीर झाला नव्हता. गाडी लागली. मी शेंगा पिशवीत टाकल्या आणि चढले.

आता मी नांदेडला शिकते. त्या इथे कुठल्या शाळेत आहेत, ते मला माहीत आहे. हॉस्टेलपासून लांब नाही. एकदा मैत्रिणीबरोबर बाजारात असताना त्या दिसल्या. टोमॅटो निवडत होत्या. भाजीवाली त्यांना काहीतरी चिडवत होती आणि त्या मराठीत उलट बोलत होत्या, चांगल्या मराठीत, माझ्याकडून नाही, दुसऱ्याच कुणाकडून शिकलेल्या. मैत्रीण म्हणाली, “कोण गं त्या, ओळखतेस का? टक लावून बघायलीस.” मी म्हणाले, नाही. या वेळी कुठलं शेत होतं, कुठली आत्या होती, कुठले मालक होते? काहीच नव्हतं. तरी नाहीच म्हणाले.

काकूंनी मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

हो, काकू. मी बोलावलं होतं. माझ्या वडिलांचं स्वतःचं शेत नाही, ते मालकांच्या शेतात राबतात, तिथे बोलावलं होतं. सगळ्या घरांना कुलपं होती तेव्हा ती दोघं औशाच्या स्टँडवर माझी वाट बघत होती. मी रस्त्यापर्यंत आले आणि माघारी फिरले.